जपानला जाताय? एक दिवस हातांसाठी ठेवा

जपानला जाऊन आलेल्या मंडळींचे फोटो आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे झाले आहेत. फुजी पर्वत, बुलेट ट्रेन, क्योटोच्या डोंगरावरची लाल कमानींची रांग, भाड्याने घेतलेला किमोनो. आठ-दहा दिवसांत तीन-चार शहरं, आणि परतताना बॅग भरून माचाची चॉकलेटं. हे सगळं जरूर करा. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या दहा दिवसांतला एक दिवस, निदान अर्धा दिवस तरी, डोळ्यांऐवजी हातांसाठी राखून ठेवा.

जपानी भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे, 'ताइकेन'. तो दोन चित्राक्षरांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ शरीर, दुसऱ्याचा पारख किंवा कसोटी. म्हणजे स्वतःच्या अंगाने पारखून घेतलेला अनुभव. कापड बांधून रंगवणं, कागद तयार करणं, चाकावर मातीचा वाडगा घडवणं, सोबा नूडल्स लाटून कापणं, चहा घुसळणं, अशा कितीतरी गोष्टी कारागिराच्या शेजारी बसून तास-दोन तास करून पाहता येतात. यासाठी आधीचं काही येत असायची गरज नसते.

मी सॉफ्टवेअरवाला. बडोद्यात वाढलो, शिकलो. कंपनीच्या कामानिमित्त काही महिने नागोयात होतो. शनिवार-रविवार मोकळे असायचे, त्यामुळे आसपासच्या अशा जागा शोधत फिरलो. त्यातल्या काही इथे सांगतो.

प्रवाशांच्याच जिवावर वाढलेलं गाव

नागोया स्टेशनवरून मेईतेत्सु रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत आरिमात्सु येतं. स्टेशनमधून बाहेर पडून दोन वळणं घेतली की जुन्या लाकडी, कौलारू घरांचा एक लांब रस्ता लागतो. दारांवर निळे-पांढरे पडदे झुलत असतात. हा जुन्या तोकाइदो मार्गाचा तुकडा आहे. एदो म्हणजे आजचं टोकियो, तिथून क्योटोला जाणारा हा राजरस्ता. वाटेत त्रेपन्न मुक्काम होते.

गाव वसवलं गेलं १६०८ साली. शेतीला जमीन पुरेशी नव्हती, त्यामुळे पोटासाठी दुसरं काहीतरी हवं होतं. त्याच सुमारास नागोयाचा किल्ला बांधायला क्यूशू बेटावरून मजूर आले होते. त्यांच्याकडचं बांधून रंगवलेलं कापड गावातल्या ताकेदा शोकुरो या माणसाने पाहिलं आणि तसे हातरुमाल निळीत रंगवून रस्त्यावरच्या प्रवाशांना विकायला सुरुवात केली, असं सांगतात. रुमाल खपले, मग कापडाचे ताग्यांवर तागे खपू लागले. पुढे हिरोशिगे या प्रसिद्ध चित्रकाराने तोकाइदोच्या मुक्कामांची चित्रं काढली, त्यात नारुमीच्या चित्रात आरिमात्सुची ही दुकानंच दाखवली आहेत.

'पर्यटकांसाठी केलेलं म्हणजे नकली' असं आपण पटकन म्हणून टाकतो. आरिमात्सु बघितल्यावर मला तसं म्हणता येईना. ही कला चारशे वर्षांपूर्वी उभी राहिली तीच मुळी वाटसरूंच्या खरेदीवर.

या कलेचं नाव शिबोरी. 'शिबोरु' म्हणजे पिळणं, आवळणं. आपल्याकडे बांधतात म्हणून बांधणी, तिकडे आवळतात म्हणून शिबोरी. इथे बांधण्याचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत. बारीक ठिपक्यांना 'कानोको' म्हणतात, म्हणजे हरणाच्या पाडसाच्या अंगावरचे ठिपके. 'कुमो' म्हणजे कोळी, नक्षी त्याच्या जाळ्यासारखी. 'आराशी' म्हणजे वादळ, यात कापड खांबाला गुंडाळून सुरकुतवतात आणि तिरक्या पावसासारख्या रेषा उमटतात. 'सेक्का' म्हणजे हिमफूल. यात कापडाची त्रिकोणी घडी दोन फळ्यांमध्ये दाबून फक्त कडा रंगात बुडवतात. आज या नक्षीचे उन्हाळी किमोनो मिरवतात, पण एकेकाळी ती बाळांच्या लंगोटांवर असायची.

तीस गाठी

तिथल्या वर्गात मला हातरुमालाएवढं पांढरं कापड, दोरा आणि आकडा लावलेलं एक लाकडी स्टँड मिळालं. कापडावर फिकट निळे ठिपके छापलेले होते. पूर्वी हा निळा रंग एका रानफुलाच्या रसाचा असे. पाण्यात तो धुऊन जातो. ठिपका चिमटीत पकडायचा, दोऱ्याचे वेढे घ्यायचे, आवळायचं, पुढचा ठिपका. शिकवणाऱ्या आजी सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. त्यांचं बोलणं मला निम्मं कळत होतं, पण हात सगळं सांगत होते. त्यांच्या पाच गाठी होईपर्यंत माझी एक होत होती, आणि तीही सैल.

दीड तासात माझ्या तीसेक गाठी झाल्या. मान अवघडली, अंगठ्याला दोऱ्याचा वळ उठला. संपूर्ण किमोनोवर असे ठिपके हजारोंनी असतात. बारीक कामाचा एकेक किमोनो बांधायला महिनेच्या महिने लागतात, कधी वर्षही उलटतं.

आमच्या क्षेत्रात चूक झाली की कंट्रोल-झेड दाबायचं. इथे ती सोय नाही. गाठ सैल राहिली की रंग आत शिरतो, आणि ते कळतं सगळ्यात शेवटी, दोरे काढल्यावर. म्हणून प्रत्येक माणूस आपल्या टप्प्यावरच काम चोख करतो. नक्षी काढणारा वेगळा, छापणारा वेगळा, बांधणारी वेगळी, रंगारी वेगळा, दोरे काढणारे वेगळे आणि शेवटी वाफेवर कापड सरळ करणारा वेगळा. बांधणाऱ्या बायकाही पूर्वी घरटी एकच प्रकार करायच्या. आई जे बांधायची तेच लेक शिकायची. याची दुसरी बाजू अशी की एका घरात शिकणारं कुणी उरलं नाही, तर तो प्रकारच संपतो.

हे सगळं ऐकताना मला सारखी आईच्या कपाटातली लाल बांधणी आठवत होती. कच्छ-जामनगरकडेही अगदी असंच चालतं. नक्षीचे ठिपके धुऊन जाणाऱ्या रंगाने छापायचे, बायकांनी घरी बसून नखाने किंवा टोकदार अंगठीने कापड उचलून बांधायचं, रंगवणार खत्री. फरक असला तर एवढाच की बांधणीत फिकट रंगापासून सुरुवात करून पुन्हा पुन्हा बांधत गडद रंगापर्यंत जातात. हे नातं मी पहिल्यांदा ओळखलं असंही नाही. शिबोरीवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९९२ साली नागोयात भरली, आणि त्यानंतरची आपल्या शेजारी, अहमदाबादला.

एवढं सगळं घरात असून मी बांधणीची एक गाठ कधी मारून पाहिली नव्हती. दुकानात आईबरोबर जायचो ते पिशव्या धरायला.

भेंडीचा भाऊबंद आणि कागद

दुसरी जागा फुकुई प्रांतातली एचिझेन. इथे 'वाशी' बनते. नवी मुंबईची नव्हे, 'वा' म्हणजे जपानी आणि 'शी' म्हणजे कागद. मार्च २०२४ पासून एचिझेन-ताकेफू या स्टेशनापर्यंत बुलेट ट्रेन जाते, त्यामुळे पोचणं सोपं झालं आहे.

इथली दंतकथा ऐकण्यासारखी आहे. दीड हजार वर्षांपूर्वी नदीच्या वरच्या अंगाला एक स्त्री प्रकटली. तुमच्याकडे भाताला जमीन कमी आहे, पण पाणी निर्मळ आहे, तेव्हा कागद बनवा, असं सांगून तिने गावकऱ्यांना कागद करायला शिकवलं. आजही गावात तिचं देऊळ आहे आणि कागदाची देवी म्हणून तिची पूजा होते. आरिमात्सुसारखीच इथेही गोष्ट जमिनीच्या तुटवड्यापासून सुरू होते.

कागद बनतो 'कोझो' या तुतीच्या जातीतल्या झाडाच्या सालीपासून. साल उकळायची, वाहत्या गार पाण्यात एकेक डाग, एकेक काडी हाताने वेचायची, मग कुटून तंतू मोकळे करायचे. हे तंतू पाण्यात नुसते सोडले तर तळाशी बसतात. म्हणून 'तोरोरो-आओइ' नावाच्या झाडाच्या मुळांचा चिकट रस त्यात घालतात. हे झाड आपल्या भेंडीचं अगदी जवळचं नातेवाईक. भेंडी चिरताना हाताला जी बुळबुळ लागते तीच इथे कामाला येते. तिच्यामुळे तंतू पाण्यात तरंगत राहतात आणि पाणी चाळणीतून सावकाश गळतं.

पर्यटकांच्या वर्गात आपण येतो ते या शेवटच्या टप्प्यावर. बांबूच्या बारीक काड्यांची चाळण दोन्ही हातांनी हौदात बुडवायची, वर उचलायची, पुढेमागे हलवायची. ऐकायला सोपं, पण मनगट जरा कललं की कागद एकीकडे जाड आणि दुसरीकडे विरळ. वर सुकी फुलं-पानं ठेवून पोस्टकार्डाएवढा कागद करून देतात. मुलांना हे फार आवडतं आणि तासाभराच्या आत आटोपतं. जपानी हातकागदाच्या तीन परंपरा २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेल्या: होसोकावा, होनमिनो आणि सेकिशू. या तिन्ही भागांत फिरणार असाल तर तिथेही चौकशी करा.

किन्त्सुगी: दोन तासांची आणि दोन महिन्यांची

फुटलेला कप सोनेरी रेघांनी जोडलेला फोटो तुम्ही पाहिला असेलच. हल्ली प्रेरणादायी भाषणांत त्याच्याशिवाय पान हलत नाही. प्रत्यक्षात ही एक चिकाटीची दुरुस्ती आहे. खऱ्या किन्त्सुगीत जोडायला 'उरुशी' वापरतात, म्हणजे एका झाडाचा चीक. झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की त्याला चिरा पाडून हा चीक गोळा करतात आणि एका झाडातून मिळतो जेमतेम पेलाभर. गंमत म्हणजे तो कोरड्या हवेत नाही, दमट हवेत घट्ट होतो. प्रत्येक थर दमट पेटीत ठेवून वाळवायचा, घासायचा, पुन्हा लावायचा. असं करत काही आठवडे, कधी महिने जातात. सोन्याची पूड येते ती अगदी शेवटी.

मग पर्यटकांना दोन तासांत किन्त्सुगी कशी शिकवतात? बहुतेक ठिकाणी झटपट चिकटणारा कृत्रिम गोंद आणि सोनेरी पूड वापरतात. आधी स्पष्ट सांगितलं असेल तर त्यात फसवणूक नाही, कृती आणि विचार समजायला तेही चांगलं आहे. पण बुकिंग करताना 'खरी उरुशी आहे का' हे विचारा. त्यामागे दुसरंही कारण आहे. उरुशीचं झाड आंबा, काजू आणि आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं. ज्यांना बिब्बा उतलेला आठवतो त्यांना जास्त सांगायला नको. ओली उरुशी अंगाला लागली तर तशीच खाज आणि पुरळ येऊ शकतं. शिवाय गोंदाने जोडलेला कप शोभेसाठी ठेवायचा की त्यातून चहा प्यायचा, हेही विचारून घ्या.

उरुशीकामाचं मोठं गाव म्हणजे नोतो द्वीपकल्पावरचं वाजिमा. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत या गावाची अतोनात हानी झाली, अनेक कारागिरांची घरं आणि कारखाने गेले. वाजिमाचा वाडगा किंवा चॉपस्टिक्स दिसल्या आणि खिशाला परवडत असतील तर जरूर घ्या. अशा वेळी खरेदी ही मदतच असते.

टाका तोच, घर वेगळं

जपानच्या उत्तरेकडच्या थंड भागात 'साशिको' नावाचं शिवणकाम चालतं. जाड कापडाचे थर एकावर एक ठेवून साध्या धावदोऱ्याने शिवायचे. त्सुगारु भागात शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला बंदी होती. तेव्हा तागाच्या विरळ कापडात बायका जाड दोरा भरत राहिल्या, म्हणजे ऊब येईल. त्यातून 'कोगिन' नावाची देखणी नक्षी घडली.

आपल्या घरातली गोधडी वेगळं काय सांगते? जुनी लुगडी, धोतरं, एकावर एक, आणि तोच धावदोरा. कापड टाकायचं नाही आणि थंडी वाजू द्यायची नाही, या दोन गरजांतून दोन्हीकडच्या बायका एकाच टाक्यापर्यंत पोचल्या. साशिकोचे वर्ग आज जपानभर मिळतात, सुई-दोरा-कापडाचा तयार संचही मिळतो. तो घेतलात तर परत आल्यावर आजीला किंवा मावशीला दाखवा. माझ्या आजीने टाके बघून एवढंच विचारलं, "एवढ्याशा रुमालाला पैसे दिलेस होय रे?"

किंमत कळते ती हाताला

तास-दोन तासांत कुणी कारागीर होत नाही, हे उघड आहे. मग याचा उपयोग काय?

माझ्यापुरतं उत्तर असं. आरिमात्सुत वर्ग सुरू होण्याआधी मी दुकानात एक शिबोरीचा गळपट्टा पाहिला होता आणि महाग म्हणून ठेवून दिला होता. तीस गाठी मारून झाल्यावर तोच गळपट्टा पुन्हा हातात घेतला. यावेळी मी नकळत गाठी मोजत होतो. किंमत तीच होती, पण आता ती मला स्वस्त वाटली. जे काम आपण कधी केलं नाही त्याचे पैसे आपल्याला नेहमी जास्तच वाटतात.

जपान सरकारने १९७४ साली पारंपरिक हस्तव्यवसायांसाठी कायदा केला. वस्तू रोजच्या वापरातली हवी, मुख्य काम हाताने झालेलं हवं, तंत्र साधारण शंभर वर्षं चालत आलेलं हवं, अशा अटी आहेत. आज २४० हून अधिक व्यवसाय त्या यादीत आहेत. तरीही जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच काळजी ऐकू येते, ती म्हणजे पुढे कोण शिकणार. कायदा आणि सन्मान असूनही मुलं शहरातल्या नोकऱ्यांकडे जातात. माझ्यासारख्यांकडे बघता त्यांना दोष देता येत नाही. अशा वेळी पर्यटकांच्या वर्गातून कारागिराला थोडं उत्पन्न मिळतं, आणि कधी एखादा तरुण तिथूनच शिकायला राहतो.

आपल्याकडे तर हा विचार जुना आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू केलं तेव्हा तिथे कापड रंगवण्याचं शास्त्रशुद्ध शिक्षण दिलं जाई. मी त्याच शहरात इंजिनिअर झालो, आणि बांधणीची पहिली गाठ शिकलो नागोयाजवळ. पुढच्या सुट्टीत कच्छला जायचं, पण रणाच्या फोटोंपुरतं नाही, एखाद्या बांधणी करणाऱ्या घरात दिवसभर बसायचं, असं आम्ही घरात ठरवलं आहे. आई म्हणते, तिथे घासाघीस मी करणार नाही.

जाण्याआधी थोडं उपयोगाचं

- बुकिंग आधी करा. छोट्या कारखान्यांत एका वेळी चार-सहा जणांनाच घेतात. साध्या वर्गाला साधारण एक ते पाच हजार येन पडतात.
- वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचा. उशीर झाला तर तुमच्या मागच्यांचाही वेळ जातो.
- बहुतेक ठिकाणी बूट काढून आत जायचं असतं. मोजे धड असलेले बरे. रंगाईच्या वर्गाला जुने कपडे घाला.
- मातीची भांडी भाजून तयार व्हायला महिना-दोन महिने लागतात आणि ती पोस्टाने येतात. भारतात पाठवतात का आणि टपालखर्च किती, हे आधी विचारा. शिबोरीतही काही ठिकाणी आपण फक्त बांधतो आणि रंगवलेलं कापड नंतर घरी येतं.
- शाकाहारी मंडळींसाठी: चहाच्या वर्गातली पारंपरिक मिठाई बहुतेक वेळा तांदूळ, साखर आणि कडधान्याच्या पुरणासारख्या सारणाची असते. सोबाच्या वर्गात मात्र नूडल्सबरोबरचं सार सहसा माशाच्या अर्काचं असतं, तेव्हा आधी सांगून ठेवा.
- फोटो विचारून काढा. घासाघीस करू नका आणि टिपही देऊ नका, दोन्ही तिथे रूढ नाही.
- सुरुवातीला 'ओनेगाइ शिमासु' आणि शेवटी 'आरिगातो गोझाइमासु' म्हणा. मोडकंतोडकं असलं तरी चालतं.

आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना मध्ये मदत करू नका. वाकडा कागद, सैल गाठ, तिरका वाडगा, जे होईल ते त्यांचं त्यांना करू द्या. माझा सैल गाठींचा रुमाल चांगलाच धुरकट रंगला आहे, आणि तो मी रोज डबा बांधायला वापरतो.